गोळ्यांच्या स्ट्रिपवर हिरवा ठिपका नसतो



आषाढात आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. तुमच्याकडेही आला असेल. 'चीज खाताय? म्हणजे वासराचं पोट खाताय! पाकिटावर एन्झाइम हा शब्द दिसला की फेकून द्या.' खाली हात जोडलेली चित्रं आणि 'दहा जणींना पाठवा, पुण्य मिळवा'. मी बारा जणींना पाठवला. कबूल करते.

त्याच आठवड्यात सासूबाईंची दाढ काढावी लागली. रत्नागिरीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. मारुती मंदिरापाशी रिक्षातून उतरेपर्यंत दोघी चिंब झालो. दाढ निघाली, डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहून दिल्या. एक अँटिबायोटिक, एक दुखण्यावरची, एक सूज उतरायची. सासूबाई सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. म्हणून मी मोठ्या हुशारीने डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घेतल्या. संध्याकाळची गोळी साडेपाचला बसवली. घरी येताना मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी गोळी काढून देताना सूज उतरायच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून वाचली. 'ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन'. माझी भाची बी.फार्म. करते. तिला सहज फोन केला. ती म्हणाली, "मावशी, ही दोन्ही एन्झाइमं आहेत. गुराच्या नाहीतर डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात."

मी स्ट्रिप हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. ज्या बाईने जन्मात कांदा चिरला नाही, त्या बाईला मी तीन दिवस माझ्या हाताने, पाण्याचा पेला धरून, हे दिलं होतं. वेळ विचारली होती. वस्तू विचारली नव्हती.

आजचा लेख त्याबद्दल आहे, आणि तो थोडा रागाने लिहिलेला आहे. राग आधी माझ्यावर, मग आपल्या सगळ्यांवर, आणि मग त्या व्यवस्थेवर जी दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर ठिपका छापायला लावते आणि गोळ्यांच्या स्ट्रिपवर काहीच छापायला लावत नाही.

आधी हे एन्झाइम म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण त्या शब्दाला घाबरणं हा आपला पहिला मूर्खपणा आहे.

आपल्या रत्नागिरीत हे समजवायला हापूसपेक्षा चांगला मास्तर नाही. हिरवा कडक आंबा आपण पेंढ्यात अढी घालून ठेवतो. आठ-दहा दिवसांत तो मऊ, पिवळा, गोड होतो. बाहेरून कोणी साखर घातलेली नसते. आंब्यातच अमायलेझ नावाचं एन्झाइम असतं, ते पिष्टाची साखर करतं. दुसरी काही एन्झाइमं पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सैल करतात, म्हणून आंबा मऊ पडतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसचा तो खास वास कोणत्या एन्झाइमांमुळे तयार होतो यावर अनेक वर्षं काम केलं आहे. आणि आपल्या बागायतदारांना रडवणारा साका? वरून सुंदर आंबा, कापला की आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग. तिथे पिष्टाची साखर झालेलीच नसते, अमायलेझचं काम तिथे कमी पडलेलं असतं. वेंगुर्ल्याच्या केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ साली 'रत्ना' ही जात आणली, ती साका न होणारी म्हणूनच.

तर एन्झाइम म्हणजे काम करणारं प्रथिन. ते आंब्यात असतं, मोड आलेल्या मुगात असतं, आपल्या लाळेत असतं. रक्ताच्या रिपोर्टात 'एसजीपीटी' लिहिलेलं असतं ना, तेही यकृतातलं एक एन्झाइमच. एन्झाइम हा जीव नाही. त्याला इंद्रिय नाही, त्याचा जन्म नाही, मरण नाही. दूध पाश्चराइज झालं की नाही हे तपासायला डेअरीत फॉस्फटेझ नावाच्या एन्झाइमची चाचणी करतात. दूध पुरेसं तापलं असेल तर ते निकामी झालेलं असतं, एवढंच. (याचा अर्थ आपल्या आचार्यांना सगळी एन्झाइमं आधीच ठाऊक होती असं मी म्हणत नाही. तसं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला धर्माला विज्ञानाचं सर्टिफिकेट लावायची गरज वाटत नाही.)

म्हणजे एन्झाइम खाण्यात हिंसा नाही. हिंसा असलीच तर ते मिळवलं कुठून, यात आहे. आणि नेमकी हीच गोष्ट त्याच्या नावातून कळत नाही. अमायलेझ, प्रोटीएझ, लायपेझ ही कामाची नावं आहेत. 'शिंपी' म्हटल्यावर तो कोणत्या गावचा हे जसं कळत नाही, तसंच. लायपेझ बुरशीपासूनही येतं आणि कोकराच्या घशातूनही काढतात. पाकिटावरचे ११००, ११०१, ११०४ हे आकडेही काम सांगतात, उगम सांगत नाहीत. त्यामुळे 'हा नंबर दिसला की फेका' असल्या याद्या कामाच्या नाहीत.

आता तो चीजचा मेसेज. त्यात अर्धं सत्य आहे, आणि अर्धं सत्य फार चिवट असतं.

दही आपण विरजणाने लावतो, त्यातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि दूध धरतं. पनीर लिंबाने फाडतो. पण युरोपातलं चीज रेनेटने घट्ट करतात. हे रेनेट पारंपरिक पद्धतीने दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटाच्या अस्तरातून येतं, त्यातल्या मुख्य एन्झाइमचं नाव कायमोसिन. वासरू मारल्याशिवाय ते मिळत नाही. १८७४ साली डेन्मार्कमध्ये क्रिश्चन हॅन्सन याने ते कारखान्यात तयार करून विकायला सुरुवात केली. इथवर मेसेज खरा.

पुढचं त्यात नव्हतं. जगभर चीजची मागणी वाढली आणि वासरांची पोटं पुरेनात, तेव्हा १९६० च्या दशकात जपानमध्ये दूध घट्ट करणारी बुरशी सापडली. आज त्या जातीच्या बुरशींपासून केलेलं रेनेट सर्रास वापरतात. १९९० साली अमेरिकेने आणखी एक प्रकार मान्य केला. वासराच्या शरीरात कायमोसिन बनवणारं जनुक सूक्ष्मजीवात घालून टाकीत तेच एन्झाइम बनवायचं. वासरू मारायचं नाही.

आणि आपल्या देशात काय आहे? आपल्या अन्नसुरक्षा नियमांत चीजच्या व्याख्येतच प्राण्याचं नसलेलं रेनेट किंवा दुसरा योग्य घटक वापरून घट्ट केलेलं दूध असं लिहिलेलं आहे. बाहेरून येणाऱ्या चीजलाही प्राण्याचं रेनेट नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे इथल्या दुकानातल्या, नियम पाळून केलेल्या चीजबद्दल वासराचं पोट म्हणून आरडाओरडा करणं चूक आहे. हां, मुलाबाळांकडे परदेशी गेलात तर मात्र डोळे उघडे ठेवा. इटलीच्या खऱ्या पार्मिजानो रेजानो चीजला नियमानेच वासराचं रेनेट लागतं, आणि अमेरिकेत चीजच्या पाकिटावर नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असतं. तिथे विचारावं लागतं.

मग आपण हिरवा ठिपका पाहून निश्चिंत व्हायचं का? तेही नाही. हिरवा ठिपका सरकारचा आहे, आपल्या स्वयंपाकघराचा नाही. तो २००१ साली सुरू झाला आणि चांगलीच गोष्ट झाली. पण २०२० च्या लेबलच्या नियमांत मांसाहाराच्या व्याख्येतून दूध-दुधाचे पदार्थ, मध, मेणमाशांचं मेण आणि लाख वगळलेली आहेत. म्हणजे मध घातलेल्या बिस्किटावरही हिरवाच ठिपका. मद्य, मांस, मधु यांतलं मधु आपण लहानपणापासून वर्ज्य म्हणून शिकलो, आणि ठिपका पाहून खातो.

एन्झाइमांपुरतं सांगायचं तर दूध घट्ट करणारं एक वनस्पतीचं एन्झाइम आहे, फिसिन. ते अंजिराच्या चिकातून येतं. सरकारच्या दृष्टीने शुद्ध शाकाहारी. पण उंबरवर्गाची फळं आपल्यात का वर्ज्य ते मी तुम्हाला सांगायला नको. फळ वर्ज्य, मग चीक चालेल का? याचं उत्तर मी देणार नाही, ते महाराजांना किंवा माताजींना विचारा. माझं म्हणणं एवढंच की प्रश्न पडायला आधी माहिती हवी, आणि ठिपका ती देत नाही. शिवाय जे एन्झाइम पदार्थ बनवताना नुसतं मदतीला वापरलं आणि शेवटी त्याचं काम उरलं नाही, ते घटकांच्या यादीत छापायचं बंधनही नसतं.

यावर २०२१ च्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एक चांगला आदेश दिला. पदार्थातल्या घटकाचा नुसता सांकेतिक नंबर पुरेसा नाही, तो वनस्पतीपासून आहे, प्राण्यापासून आहे की प्रयोगशाळेत बनवलेला आहे हेही सांगा, कारण आपण काय खातो हे जाणून घेण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असं न्यायालय म्हणालं. मागणी गोरक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेने केली होती. आपण त्यात कुठेच नव्हतो. आपण मेसेज पुढे पाठवत होतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. अन्नाच्या बाबतीत ठिपका तरी आहे, कायदा तरी आहे, कोर्टात कोणी जातं तरी. औषधाच्या बाबतीत काय?

औषधाला हिरवा ठिपका नाही, तपकिरी खूणही नाही. दिल्लीतल्या एका नागरिकाने यासाठी कोर्टात दाद मागितली होती. २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की जीवरक्षक औषधं सोडून बाकी औषधांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर प्राणिज घटक आहे की नाही हे खुणेने दाखवा. कंपन्यांच्या संघटना वर गेल्या आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तेव्हापासून हा प्रश्न सरकारच्या दारात पडून आहे. सरकारने मनात आणलं तर उद्या नियम करता येईल. पण मागायला कोण जातंय?

आणि आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यात किती एन्झाइमं आहेत, कधी पाहिलंत?

पेप्सिन: पचनाच्या काही सिरपांत असतं. डुकराच्या पोटाच्या अस्तरातून काढतात.

पॅनक्रिएटिन: जेवणानंतरच्या काही पाचक गोळ्यांत असतं. डुकराच्या किंवा गुराच्या स्वादुपिंडातून.

ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन: दाढ काढली, पाय मुरगळला, ऑपरेशन झालं की सुजेवर सर्रास लिहून देतात. उगम वर सांगितलाच.

सेरॅशिओपेप्टिडेझ: हीही सुजेची. हिचा जिवाणू मूळ रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडला. आज तो टाकीत वाढवतात, त्यासाठी किडे मारत नाहीत. पण गंमत पुढे आहे. ज्या जपानी कंपनीने ही गोळी जगात आणली, तिनेच २०११ साली ती आपल्या देशात बाजारातून काढून घेतली, कारण नव्या चाचणीत औषध नसलेल्या गोळीपेक्षा तिचा वेगळा गुण दिसला नाही. आपल्याकडे अजून मिळते.

आता दुसरी बाजू. फंगल डायस्टेझ हे बुरशीचं आहे, पपेन पपईच्या चिकाचं, ब्रोमेलेन अननसाचं. आणि हे काही आजचं नाही. जोकिची ताकामिने नावाच्या जपानी रसायनतज्ज्ञाने १८९४ साली अमेरिकेत गव्हाच्या कोंड्यावर वाढवलेल्या बुरशीपासून पाचक एन्झाइम बनवण्याचं पेटंट घेतलं. म्हणजे डुकराच्या पोटाला पर्याय सव्वाशे वर्षांपासून आहे. तरी घराघरात पेप्सिन जातंय, कारण विचारत कोणी नाही. कंपनीला तरी काय पडलंय? गिऱ्हाईक विचारेल तेव्हा ती बदलेल.

हे बोलायला लागले की मला तीन उत्तरं ऐकायला मिळतात. तिघींनाही उत्तर देते.

पहिली म्हणते, "औषधाला दोष नसतो हो. आजारपणात सगळं चालतं." थांबा. जीव वाचवायला घेतलेलं औषध आणि जेवणानंतर जरा जड वाटतंय म्हणून घेतलेलं सिरप यांत फरक आहे की नाही? ज्यांचं स्वादुपिंडच निकामी झालं आहे अशा रुग्णांना पॅनक्रिएटिन लागतंच, त्याशिवाय अन्न अंगी लागत नाही, आणि त्यांच्यासाठी त्याच्या तोडीचा पर्याय आज हाताशी नाही. अशा माणसाला माझा लेख वाचून कोणी गोळी बंद करायला सांगितलं तर ते पाप माझ्या आणि तुमच्या दोघींच्या माथी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाचीही गोळी बंद करायची नाही, हे मी ठळक अक्षरात लिहिते असं समजा. पण अपवाद हा नाइलाजाचा असतो. सोयीचा नसतो. सुजेला बर्फ चालतो, जड वाटण्याला ओवा-जिरे चालतं, उपवास तर आपल्या घरचाच आहे.

दुसरी म्हणते, "बुरशीचं तरी कुठे निर्दोष आहे? टाकीत किती जीव मरत असतील!" खरं आहे. बुरशी वाढवायची, मग गाळायची, मारायची. यात आरंभ आहेच. ज्यांचं व्रत तिथवर जातं त्यांनी तेही सोडावं, मी पाया पडेन. पण आपल्याच शास्त्राने एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत पायऱ्या लावून दिल्या आहेत, त्या कशासाठी? गृहस्थाला सगळी हिंसा टाळता येत नाही, म्हणून मोठी आधी टाळावी, यासाठीच ना? बुरशी आणि वासरू एकाच तराजूत घालून 'मग दोन्ही सारखंच' म्हणणारी बाई अहिंसेची बाजू घेत नाही, आळसाची घेते.

तिसरी म्हणते, "डॉक्टरांना कसं विचारायचं? आपण कोण?" ही मला सगळ्यात लागते, कारण ही मी स्वतः आहे. आपण भाजीवाल्याला दहा प्रश्न विचारतो. लग्नाच्या जेवणात आचाऱ्याला बाजूला घेऊन 'बटाटा नाही ना, आलं नाही ना' विचारतो. हॉटेलात वेटरला 'जैन' शब्द तीनदा ऐकवतो. पीठ पावसाळ्यात तीन दिवसांवर गेलं की बाजूला काढतो. आणि डॉक्टरांसमोर बसलो की तोंडाला कुलूप. तिथे आपल्याला लाज कसली वाटते? अडाणी दिसू याची. मी सांगते, अडाणी न विचारणारी दिसते.

कृत, कारित, अनुमोदना हे आपण पाठशाळेत शिकलो. स्वतः करणं, करवून घेणं, केलेल्याला संमती देणं. दुकानातून पैसे देऊन आणलेल्या वस्तूला आपली संमती नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? माहीत नव्हतं तोवर अजाणता झालं. पण माहीत करून घ्यायची सोय असताना न घेणं याला आपल्याकडे प्रमाद म्हणतात, आणि प्रमादाला आपल्या धर्मात किरकोळ मानत नाहीत.

आणि बदल होतो, मैत्रिणींनो. इन्शुलिन एन्झाइम नाही, संप्रेरक आहे, पण त्याची गोष्ट ऐका. १९२० च्या दशकापासून मधुमेहाचं इन्शुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ साली जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्शुलिन बाजारात आलं, आणि आज तुमच्या घरात जे कोणी इन्शुलिन घेत असेल ते बहुधा असंच सूक्ष्मजीवांकडून बनवलेलं आहे. हा बदल आपण घडवला नाही, फुकट मिळाला. पुढचा तरी मागून घेऊ.

म्हणून मी माझ्यापुरतं हे ठरवलं आहे, आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

डॉक्टरांसमोर तीन प्रश्न. हे प्राण्यापासून आहे का? त्याऐवजी दुसरं चालेल का? आणि हे लागतंच का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मी तो विचारला. डॉक्टर जरा थबकले आणि म्हणाले, "सूज आता उतरलीच आहे, नाही घेतली तरी चालेल." एवढंच होतं ते!

घरी औषध आणल्यावर स्ट्रिप वाचायची. ब्रँडचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक अक्षर वाचा. दिसत नसेल तर मुलांकडून मोबाइलवर फोटो मोठा करून घ्या.

स्ट्रिपवर कंपनीचा पत्ता असतो. तिथे एक पत्र किंवा ईमेल, की यातलं एन्झाइम कशापासून आहे ते कळवा. एकीने लिहिलं तर टोपलीत जाईल. पन्नास मंडळांनी लिहिलं तर कोणीतरी उत्तर द्यायला बसेल.

आणि चौथं, मंडळांनी मिळून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला आणि आपल्या खासदारांना निवेदन द्यायचं, की जीवरक्षक सोडून बाकी औषधांवर एन्झाइम आणि कॅप्सूलचं जिलेटिन यांचा उगम छापा. मोर्चे नकोत, बंद नकोत. साधी मागणी आहे, आणि ती फक्त आपली नाही. डुक्कर न खाणाऱ्यांची आहे, गाय न खाणाऱ्यांची आहे, काहीच प्राणिज न खाणाऱ्यांची आहे. आणि सगळं खाणाऱ्यालाही आपण काय गिळतो हे कळायला हवंच.

तो चीजचा मेसेज मी ज्या बारा जणींना पाठवला होता, त्या बाराही जणींना 'मी चुकीचं पाठवलं होतं' असं लिहून कळवलं. दोघींनी राग धरला. चालायचंच.

आता सासूबाईंचं सांगायचं राहिलं. दोन दिवस मी त्यांना बोलले नाही. सांगू की नको? गोळी तर बंदच झाली होती. सांगून काय मिळणार, उगाच जिवाला लावून घेतील, असं हे म्हणाले. मलाही पटत होतं. पण मग मी सगळ्या जगाला 'उगम छापा' म्हणून सांगणार आणि स्वतःच्या घरात लपवणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मंदिरातून आल्यावर सांगितलं. त्या काही वेळ गप्प बसल्या. मी रडायच्या बेतात. मग उठल्या, देवघराशेजारच्या कपाटातून त्यांची रोजची पचनाच्या सिरपची बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. "अगं, मग ही पण वाच."

वाचली. फंगल डायस्टेझ आणि पेप्सिन. सहा वर्षं ती बाटली दर महिन्याला मीच आणत होते.

त्यांनी बाटली बाजूला ठेवली. "तुझा दोष नाही, माझाही नाही. माहीत नव्हतं. आता माहीत झालं." महिनाभर दूध-तुपाचा रसत्याग त्यांनी घेतला, मीही घेतला. सिरपच्या जागी आता ओवा-जिऱ्याची बरणी आहे, डॉक्टरांना विचारूनच. आणि शेजारपाजारचं कोणी औषध घेऊन दारावरून गेलं की सासूबाई हाक मारतात, "जरा बघू गं, मागे काय लिहिलंय?"

आज जेवणं आटोपली की तुमच्या औषधाचा डबा उघडा, आणि काय सापडलं ते मला कळवा.